कंकणधारी शनी : संगणकावर त्याचे यथाप्रमाण चित्र कसे काढावे

शनी या ग्रहाचे चित्र काढावयास सांगितले असता पुष्कळ विद्यार्थी एक गोळा काढतात आणि त्याच्या दोन्ही बाजूंस दोन कान जोडून मोकळे होतात. त्यांस कोणी हसू नये. १६१० साली गॅलिलिओने आपल्या लहानशा दुर्बिणीतून शनीकडे पाहिले तेव्हा त्यासही ग्रहाच्या दोन्ही अंगांस जणू दोन लहान गोळे चिकटलेले दिसले. आणि १६१२ साली तेच गोळे नाहीसे झालेले पाहून तो महापुरुष बुचकळ्यात पडला. हे कोडे पुढे जवळजवळ अर्धे शतक कायम राहिले. अखेर १६५९ साली हॉलंड देशातील क्रिस्तियान हायगेन्स याने आपल्या ग्रंथात त्याचा उलगडा केला. शनीभोवती एक पातळ, सपाट व तिरपे वलय असून ते ग्रहास कोठेही चिकटलेले नाही, असे त्याने दाखवून दिले. हायगेन्सची दुर्बीण अधिक चांगली होती हे खरे. तथापि दिसलेल्या आकृतीचा अर्थ लावण्याचे काम भिंगाने नव्हे, बुद्धीने केले.

कान काढणारा आणि वलय काढणारा यांच्यामधील अंतर असे मुख्यतः समजुतीचे आहे, हस्तकौशल्याचे नव्हे. म्हणूनच ज्यांस आपला हात चित्रकलेत बरा नाही असे वाटते, अशा विद्यार्थ्यांकरिता हा लेख आम्ही लिहीत आहो. संगणकावर रेषांकित चित्र काढण्याची जी साधने आज उपलब्ध आहेत, त्यांत हात कापला तरी रेषा कापत नाही. मात्र मनात गोंधळ असेल तर तो चित्रात लपत नाही.

प्रथम हे रेषांकित चित्र म्हणजे काय ते पाहू. संगणकावरील चित्रे दोन जातींची असतात. पहिली जात छायाचित्राची. तीत रंगाचे असंख्य बारीक चौकोनी कण ओळीने मांडलेले असतात. असे चित्र फार मोठे केले की कण डोळ्यांस दिसू लागतात आणि आकृती फिसकटते. शाळेच्या प्रदर्शनाकरिता मोबाइलमधील लहानसे चित्र दहा फुटी फलकावर छापून घेतले असता ते ओळखू येईनासे होते, हा अनुभव पुष्कळांस असेल. दुसरी जात रेषांकित चित्राची. तिचे मर्म आपल्या माताभगिनींस फार पूर्वीपासून ठाऊक आहे. ठिपक्यांची रांगोळी शिकविताना आई मुलीस रांगोळीची भुकटी देऊन थांबत नाही. इतके ठिपके आडवे, इतके उभे, आणि अमुक ठिपका अमुक ठिपक्यास अशा वळणाने जोडावा, असे सांगते. हे सांगणे एकदा ध्यानात राहिले की तीच रांगोळी उंबऱ्याशी वीतभर काढावी किंवा अंगणभर काढावी. तिचे सौष्ठव कोठेही बिघडत नाही. रेषांकित चित्रात संगणक असेच सांगणे जतन करून ठेवतो: मध्यबिंदू येथे, रुंदी इतकी, उंची इतकी, रंग अमुक. आकार बदलला की तो चित्र नव्याने आखतो. त्यामुळे कण दिसण्याचा प्रश्नच उद्भवत नाही.

वक्ररेषा अशा रीतीने बिंदूंच्या साहाय्याने सांगण्याची युक्ती फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत उदयास आली. सित्रोएन कंपनीतील पॉल द कास्तेल्जो याने १९५९ साली व त्यानंतर रेनो कंपनीतील पिएर बेझिए याने मोटारींच्या पत्र्याची वळणे गणिताने लिहून ठेवण्याकरिता तिचा उपयोग केला. आज आपण संगणकावर जी देवनागरी अक्षरे वाचतो, त्यांची वळणेही अशाच बिंदूंनी व वक्ररेषांनी सांगितलेली असतात.

या कामाकरिता आम्ही इंकस्केप या साधनाची शिफारस करतो. ते २००३ साली सुरू झाले. ते विनामूल्य आहे, आणि त्याची प्रत मित्रास देण्यास कायद्याने पूर्ण मुभा आहे. महागड्या साधनाची चोरून मिळविलेली प्रत वापरण्यापेक्षा हा सरळ मार्ग विद्यार्थ्यास अधिक शोभतो, हे वेगळे सांगावयास नको.

आता चित्राकडे वळू. वलय खरोखर वर्तुळाकार असता चित्रात ते लांबट का दिसते, हा पहिला प्रश्न. शिरूर तालुक्यातील कोणत्याही गोल विहिरीच्या काठापासून थोडे दूर उभे राहून पाहावे. काठ गोल आहे हे आपणांस ठाऊक असते. परंतु डोळ्यांस तो चपटा, लंबवर्तुळाकार दिसतो. आणखी मोठे उदाहरण पाहावयाचे असेल तर जुन्नर तालुक्यात खोडद येथे जावे. तेथील रेडिओ दुर्बिणीच्या तबकड्या प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या आहेत. तबकडी आपल्याकडे तोंड करून असेल तेव्हा ती गोल दिसते. ती अन्य दिशेस वळू लागली म्हणजे तिची कड हळूहळू चपटी होत जाते. शनीच्या वलयाचेही तसेच आहे. वलय आपल्या दृष्टीशी जितक्या अंशांनी कललेले असेल, तितक्यावर त्या लंबवर्तुळाची उंची अवलंबून असते. कल शून्य असता वलयाची केवळ रेषा उरते. कल १० अंश असता उंची रुंदीच्या ०.१७ पट, २० अंश असता ०.३४ पट, आणि २६.७ अंश असता ०.४५ पट होते. पृथ्वीवरून पाहता कल २७ अंशांपलीकडे जात नाही. त्रिकोणमिती शिकलेल्या विद्यार्थ्यांनी ओळखलेच असेल की ही त्या त्या कोनाची ज्या, म्हणजे साइन, होय.

येथे एक शंका येणे स्वाभाविक आहे. दौंड जंक्शनात उभे राहून पाहिले तर समांतर रूळ दूर जाता जाता एकमेकांजवळ आलेले दिसतात. मग वलयाचा पलीकडचा भागही अलीकडच्या भागापेक्षा लहान दिसावयास नको काय? तत्त्वतः हे बरोबर आहे. परंतु शनी आपल्या जवळात जवळ येतो तेव्हाही सुमारे १२० कोटी किलोमीटर दूर असतो, आणि वलयाचा व्यास पावणेतीन लाख किलोमीटरांच्या आतच आहे. अंतर वलयाच्या चार हजार पटींहून अधिक असल्यामुळे दोन्ही भागांतील फरक डोळ्यांस जाणवत नाही. यास्तव साधे लंबवर्तुळ काढणे हेच येथे यथार्थ होय.

आता मापे. आम्ही एक हजार किलोमीटरला एक मिलिमीटर असे प्रमाण योजिले आहे. त्यायोगे सर्व शनी वलयासह ए-४ आकाराच्या आडव्या कागदावर नेमका बसतो. वलय पूर्ण उघडलेले आहे असे धरून पुढील मापे घ्यावीत. प्रत्येक ठिकाणी पहिला आकडा रुंदीचा व दुसरा उंचीचा असून दोन्ही मिलिमीटरांत आहेत.

ग्रहाचा गोळा : १२१ व १११.
बाहेरचे ‘ए’ वलय, बाहेरील कड : २७४ व १२३.
‘ए’ वलय, आतील कड : २४४ व ११०.
मधले ‘बी’ वलय, बाहेरील कड : २३५ व १०६.
‘बी’ वलय, आतील कड : १८४ व ८३.
आतले ‘सी’ वलय, बाहेरील कड : १८४ व ८३.
‘सी’ वलय, आतील कड : १४९ व ६७.

ग्रहाचा गोळाही पूर्ण वर्तुळ नाही, हे या आकड्यांवरून दिसून येईल. शनी सुमारे साडेदहा तासांत स्वतःभोवती फिरतो व तो मुख्यतः वायूंचा बनलेला आहे; म्हणून त्याचा मध्यभाग फुगलेला आणि ध्रुव दबलेले आहेत. ‘ए’ व ‘बी’ या वलयांमधील काळी फट १६७५ साली कॅसिनी या ज्योतिर्विदाने शोधून काढली आणि ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. आपल्या चित्रात ती बाजूंस साडेचार मिलिमीटर रुंद येते.

कृती अशी. इंकस्केप उघडून ‘डॉक्युमेंट प्रॉपर्टीज’मध्ये आडवा ए-४ कागद व मिलिमीटर हे एकक निवडावे. लंबवर्तुळाच्या साधनाने प्रथम मोठी व मग लहान या क्रमाने वलयांची सहा लंबवर्तुळे काढावीत आणि शेवटी ग्रहाचा गोळा काढावा. सुरुवातीस आकार कसाही आला तरी चालेल. पुढे प्रत्येक आकृती निवडून वरच्या पट्टीतील रुंदी-उंचीच्या चौकटींत वरील आकडे भरावेत. दोन गोष्टींची सावधगिरी बाळगावी. चौकटींमधील कुलपाची खूण उघडी असावी, नाहीतर एक माप बदलताच दुसरेही बदलते. तसेच आकृतीच्या कडेस रेघ ठेवू नये, नाहीतर रेघेची जाडी मापात मिसळते. यानंतर सर्व आकृत्या निवडून ‘अलाइन अँड डिस्ट्रिब्यूट’ या आज्ञेने त्यांचे मध्यबिंदू एकत्र आणावेत.

आता ‘ए’ वलयाची बाहेरील व आतील अशी दोन लंबवर्तुळे निवडून ‘पाथ’ यादीतील ‘डिफरन्स’ ही आज्ञा द्यावी. वरची आकृती खालच्या आकृतीतून वजा होते, आणि परातीतील पोळीच्या मधोमध वाटी दाबून गोल तुकडा काढून घ्यावा त्याप्रमाणे मध्ये आरपार भोक पडते. ‘बी’ व ‘सी’ या वलयांचेही तसेच करावे. ‘बी’ वलय सर्वांत तेजस्वी असल्यामुळे त्यास फिकट पिवळसर पांढरा रंग द्यावा; ‘ए’ किंचित मंद ठेवावे; ‘सी’ वलय विरळ आहे, म्हणून त्याची अपारदर्शकता २५ टक्क्यांच्या आसपास ठेवावी, म्हणजे त्यामागील ग्रह अंधुक दिसेल. नंतर तिन्ही वलयांचा ‘ग्रुप’ करावा. मागे गडद काळसर रंगाचा एक आयत ठेवावा.

यापुढील पायरीवर चित्राची खरी परीक्षा आहे. वलय ग्रहाच्या पुढून जाते की मागून? दोन्हींकडून जाते. अर्धे मागून व अर्धे पुढून. एकच आकृती एकाच वेळी ग्रहाच्या खाली व वर ठेवता येत नाही. म्हणून वलयाच्या समूहाची ‘डुप्लिकेट’ आज्ञेने आणखी एक प्रत करावी. मध्यबिंदूतून जाणाऱ्या आडव्या रेषेच्या वर एक व खाली एक असे दोन आयत काढावेत आणि ‘क्लिप’ या आज्ञेने एका प्रतीचा वरचा अर्धा भाग व दुसरीचा खालचा अर्धा भाग तेवढा राखावा. मग क्रम लावावा: सर्वांत खाली पार्श्वभूमी, तीवर वलयाचा मागचा अर्धा भाग, त्यावर ग्रह, आणि सर्वांच्या वर वलयाचा पुढचा अर्धा भाग. हा क्रम लागताच आतापर्यंत सपाट भासणारी आकृती एकाएकी अवकाशात उभी राहते. ‘कान’ नाहीसे होतात आणि वलय दिसू लागते. हायगेन्सने जे मनात पाहिले ते येथे आपण हाताने करतो. वलयाची बाहेरील कड ग्रहाच्या ध्रुवामागून सहा मिलिमीटर वर डोकावताना दिसली म्हणजे मापे बरोबर आली असे समजावे. वलय पूर्ण उघडलेले असता दुर्बिणीतूनही असेच दिसते.

रंगछटांविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. चित्र उठावदार व्हावे म्हणून पुष्कळजण ग्रहाची एक बाजू निम्मी काळी करतात. पृथ्वीवरून शनी असा कधीच दिसत नाही. आपण सूर्याच्या इतके जवळ आहो, व शनी इतका दूर आहे, की सूर्यप्रकाशाची दिशा व आपल्या दृष्टीची दिशा यांमध्ये सहा-साडेसहा अंशांहून अधिक फरक पडत नाही. म्हणून वर्तुळाकार ‘ग्रेडियंट’ घेऊन मध्य उजळ व कडा थोड्या मंद कराव्यात, एवढे पुरे. अर्धवट प्रकाशलेल्या शनीची जी सुंदर छायाचित्रे आपण पाहतो, ती कॅसिनी यानासारख्या तेथवर गेलेल्या यानांनी घेतलेली आहेत. ते यान २००४ पासून २०१७ पर्यंत शनीभोवती फिरत होते.

वलयास आरे असलेल्या चाकासारखेही रंगवू नये. त्यावर केवळ एककेंद्री बारीक रेषा असाव्यात. याचे कारण खळ्यावरील मळणी आठवली असता सहज कळेल. पूर्वी मध्यभागी तिवडा रोवून त्याभोवती एकमेकांस बांधलेल्या बैलांची पात फिरवीत असत. त्यात बाहेरच्या बैलास अधिक जलद चालावे लागे, कारण सर्व एका दोरीने बांधलेले. वलय जर एकसंध तबकडीसारखे असते तर त्याचीही बाहेरील कड अधिक वेगाने फिरली असती. परंतु असे वलय टिकूच शकणार नाही, ते असंख्य सुट्या कणांचे असले पाहिजे, असे मॅक्सवेलने १८५९ साली गणिताने सिद्ध केले. आणि १८९५ साली अमेरिकेतील कीलर याने वर्णपटाच्या साहाय्याने मोजले तेव्हा वलयाची आतील कडच अधिक वेगाने फिरते असे आढळले. येथे दोरी नाही. मुख्यतः बर्फाचा असा प्रत्येक कण आपापल्या वाटेने एकटा फिरत असतो. वलयाची जाडी तर इतकी अल्प आहे की ती १०० मीटर धरली तरी आपल्या प्रमाणात एका मिलिमीटराचा दहा हजारावा भाग होईल. शनीच्या कडेने पाहिले असता वलय दिसेनासे का होते, हे यावरून कळते.

असे चित्र एकदा तयार झाले की त्याचा खरा लाभ पुढे आहे. सूर्याभोवती फिरण्यास शनीस साडेएकोणतीस वर्षे लागतात, आणि त्या काळात वलय दोनदा मिटते व दोनदा पूर्ण उघडते. २०१७ साली ते पूर्ण उघडलेले होते. २३ मार्च २०२५ रोजी पृथ्वी त्याच्या पातळीतून गेली व वलय रेषेप्रमाणे झाले. २०३२ च्या सुमारास ते पुन्हा पूर्ण उघडेल. न कापलेल्या वलयसमूहाची एक प्रत जपून ठेवली तर दरवर्षी फक्त उंचीचा आकडा बदलून त्या वर्षीचा शनी काढता येईल. मात्र एक भेद ध्यानात ठेवावा. २०२५ पूर्वी आपणांस वलयाची उत्तरेकडील बाजू दिसत होती, आता दक्षिणेकडील दिसते. म्हणून उत्तर दिशा वर धरल्यास यापुढच्या चित्रांत वलयाचा पुढचा अर्धा भाग खाली नव्हे, वर घ्यावा लागेल. आज सातवीत असलेला विद्यार्थी असा संग्रह करू लागेल तर वीस वर्षांचा होईपर्यंत त्याच्यापाशी शनीची अशी चित्रमाला होईल, जी केवळ पुस्तकातून उतरलेली नसून वर्षावर्षाने त्याच्याबरोबर वाढलेली असेल.

चित्र प्रत्यक्षाशी ताडून पाहण्याची संधी मिळेल तेव्हा ती सोडू नये. साध्या डोळ्यांस शनी हा स्थिर तेजाचा पिवळसर तारा दिसतो. लहानशा दुर्बिणीतून २५ ते ३० पट मोठा करून पाहिला की वलय ओळखता येते. आपल्या जिल्ह्यास या विद्येची परंपरा आहे. पुण्याच्या सायन्स कॉलेजात प्रोफेसर कावसजी दादाभाई नायगमवाला यांची महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा होती. ती १९१२ साली बंद झाली व तिची २० इंची दुर्बीण कोडाईकनालला गेली. १९४४ साली पुण्यातच ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. शिरूर व दौंड यांच्या बाहेरील शिवारांत शहराच्या मानाने काळोख अधिक असतो. आकाश पाहणाऱ्यास ती मोठीच अनुकूलता आहे.

पालकांस दोन शब्द सांगून हा लेख पुरा करतो. शनीचे नाव काढताच अनेक घरांत मन साशंक होते. त्याचे शनैश्चर हे जुने नाव हळूहळू चालणारा या अर्थाचे आहे, आणि ज्या साडेसातीची धास्ती घेतली जाते तिचा हिशेबही या मंद गतीतूनच निघतो. साडेएकोणतीस वर्षांत बारा राशी, म्हणजे प्रत्येक राशीस सुमारे अडीच वर्षे. तीन राशींस साडेसात. हे गणित मुलाने स्वतः करावे, ग्रहाचे माप स्वतः घ्यावे, त्याचे वलय स्वतः पुढून व मागून जोडावे. मग जी वस्तू त्याने मिलिमीटरांत मोजली आहे तिचे भय त्यास फारसे वाटणार नाही. आपल्या चित्राच्या प्रमाणात पृथ्वी पावणेतेरा मिलिमीटरांची, लहान बोराएवढी भरते, आणि सूर्य सव्वा हाताहूनही कमी नव्हे, तर चांगला एक मीटर एकोणचाळीस सेंटिमीटर व्यासाचा होऊन चित्रापासून जवळजवळ दीड किलोमीटर दूर जातो. एवढ्या अफाट विस्तारात परमेश्वराने जी सुव्यवस्था ठेविली आहे, ती पाहून मनात भीतीऐवजी आदर उत्पन्न होतो.

मूल संगणकापुढे बसले की ते वेळ वाया घालवीत आहे, असे आपणांस वाटणे साहजिक आहे, आणि कित्येकदा ते खरेही असते. परंतु एखाद्या सायंकाळी ते लंबवर्तुळांचे आकडे भरताना दिसले, तर त्याजजवळ थोडा वेळ बसावे आणि एवढेच विचारावे, की बाळा, हे वलय गोळ्याच्या पुढून जाते की मागून? त्यास उत्तर देता आले, तर तो वेळ सार्थकी लागला असे खुशाल समजावे.